प्रकल्प नोंदी : तीन टाक्यांत समुद्रप्रवाह (खानापूर, जून ते ऑगस्ट)

२ जून

कामाचा आराखडा ठरला. खानापूर, बेळगाव, निपाणी आणि चिक्कोडी भागातल्या मराठी शाळांत फिरवता येईल असा समुद्रप्रवाहांच्या प्रयोगांचा संच करायचा आहे. फलक मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत असतील.

प्रवाह कशामुळे होतात, असं विचारलं की बहुतेक मुलं एका दमात उत्तर देतात : "गरम पाणी वर येतं, थंड पाणी खाली जातं." खोल समुद्रातल्या संथ अभिसरणाला हे उत्तर अर्धंमुर्धं लागू पडतं. पृष्ठभागावरचे मोठे प्रवाह मात्र मुख्यतः वाऱ्यामुळे वाहतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळतात. ही तीन कारणं एकाच टाकीत दाखवायला गेलं तर मुलांच्या डोक्यात त्यांची खिचडी होते. त्यामुळे तीन वेगळ्या टाक्या करणार : पहिली घनतेची, दुसरी वाऱ्याची, तिसरी फिरती. प्रत्येक टाकीवर दोन ओळी लिहायच्याच : समुद्राशी काय जुळतं आणि काय जुळत नाही. दुसरी ओळ गाळली तर टाकी खोटं शिकवते.

५ जून

काचकाम. पहिली टाकी ६० × ३० × ३० सेंमी, दुसरी १२० सेंमी लांब, १० रुंद आणि २० उंच. काच ५ मिमी. जोड सिलिकॉनने. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतोय तोवर ते सुकलेलं नाही. या दमट हवेत ४८ तास पाणी भरायचं नाही. लांब टाकीसाठी ॲक्रिलिकचा विचार सोडून दिला, कारण सिलिकॉन त्याला नीट धरत नाही आणि चार महिन्यांत कडा सुटते.

फिरत्या टाकीसाठी ४० सेंमी व्यासाचा पांढरा, सपाट बुडाचा टब घेतला. बैठक म्हणून खानापुरातल्या कुंभारकामातलं हाताने फिरवायचं चाक मिळालं. बेअरिंग उत्तम आहे, डगमग नाही. विजेवरचं चाक मुद्दाम टाळलं. मडकं घडवण्याचा वेग आपल्या कामाच्या कितीतरी पट असतो.

८ जून

पहिली टाकी : २० सेंमी पाणी, म्हणजे ३६ लिटर. एका टोकाला बर्फ भरलेला स्टीलचा डबा अर्धा बुडवून टांगला. डब्यात नुसते बर्फाचे खडे टाकले की ते भिंतीला चार ठिकाणीच टेकतात आणि थंडावा नीट उतरत नाही. बर्फ बुडेल इतकं पाणी डब्यात घालावं.

डब्याशेजारी निळा खाद्यरंग सोडला. झपाट्याने तळाला गेला आणि पसरला. दिसायला छान, पण संशय आला. बर्फाचा डबा काढला, पाणी सारखं होऊ दिलं आणि पुन्हा रंग सोडला. तरीही तो तसाच बुडाला. बाटलीतला घट्ट रंगच पाण्यापेक्षा जड असतो, म्हणजे आपण प्रवाह नाही, रंगाचं वजन पाहत होतो.

उपाय : रंगाचा एक भाग टाकीतल्याच पाण्याच्या वीस भागांत मिसळायचा आणि त्याच तपमानाला येऊ द्यायचा. मग ड्रॉपरचं टोक पाण्याखाली धरून हलकेच सोडायचा. बर्फ लावण्याआधी एक कोरी चाचणी घ्यायचीच. रंग जिथे सोडला तिथेच ढगासारखा तरंगत राहिला तरच पुढे जायचं.

असं केल्यावर खरा प्रवाह दिसला. निळं पाणी डब्याच्या भिंतीवरून धाग्यांसारखं उतरलं, तळावर बोटभर जाडीचा थर झाला आणि सुमारे दीड मिनिटात दुसऱ्या टोकाला पोचला. त्याच वेळी वरचं पाणी उलट, डब्याकडे सरकत होतं. ते दिसावं म्हणून वर बारीक कागदी टिकल्या टाकल्या.

आणखी दोन गोष्टी. पाणी आदल्या रात्री भरून ठेवावं, नाहीतर काचेला बुडबुडे चिकटतात. आणि टाकी खिडकीजवळ नको, एका बाजूच्या उन्हानेही वेगळंच अभिसरण सुरू होतं.

११ जून

मिठाचा दिवस. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाकिटातल्या बारीक मिठाने पाणी दुधाळ होतं, कारण त्यात गुठळ्या न होण्यासाठी पूड घातलेली असते. खडे मीठ घेतलं. त्याचा घट्ट पाक करून रात्रभर निवळू दिला, सकाळी वरचं पाणी मलमलीतून गाळलं. तळाला बोटभर माती राहिली.

दोन काचेचे पेले, प्रत्येकी २०० मिली. एकात गोडं पाणी, दुसऱ्यात ७ ग्रॅम मीठ घातलेलं. दोन्हींत निळ्या रंगाच्या बर्फाचा एकेक सारखा तुकडा. कुठला आधी वितळेल, असं विचारलं तर बहुतेकांचा कौल मीठाच्या पेल्याला, कारण मीठ बर्फ वितळवतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. घडलं उलटं. गोड्या पाण्यातला तुकडा नऊ-दहा मिनिटांत संपला, खाऱ्यातला तेव्हा जवळजवळ निम्मा शिल्लक होता.

कारण पेल्यातच दिसतं. गोड्या पाण्यात वितळलेलं थंड पाणी जड, म्हणून ते निळ्या धाग्यांनी खाली उतरतं आणि त्याच्या जागी कोमट पाणी बर्फाला येऊन भिडतं. खाऱ्या पाण्यात वितळलेलं पाणी थंड असूनही हलकं, कारण त्यात मीठ नाही. ते वरच निळा थर करून बसतं आणि बर्फाला गार पांघरूण घालतं.

आकडे फलकावर घ्यायचे : २५ अंशांचं गोडं पाणी ५ अंशांवर आणलं तर घनमीटरमागे वजन जेमतेम ३ किलो वाढतं. त्याच २५ अंशांच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलं तर सुमारे २६ किलो वाढतं. वीस अंशांच्या गारव्यापेक्षा मीठ कितीतरी भारी. आणखी एक फरक : गोडं पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, समुद्राचं पाणी मात्र गोठेपर्यंत, म्हणजे उणे १.९ अंशांपर्यंत, जड होतच जातं.

ग्रीनलंडचं बर्फ वितळण्याची चिंता का केली जाते, ते या पेल्यात बघता येतं. उत्तर अटलांटिकमध्ये खारट पाणी गार होऊन बुडतं आणि खोलातून दक्षिणेकडे निघतं. वर गोड्या पाण्याचा थर साचला की हे बुडणं मंदावतं. २६.५ अंश उत्तर अक्षांशावर २००४ पासून उपकरणांची रांग लावून हे अभिसरण सतत मोजलं जातंय.

१६ जून

पहिल्या टाकीला गरम टोक दिलं. मत्स्यटाकीचा ५० वॅटचा हीटर आधी तळाशी ठेवला. पाणी जोरात फिरलं, बघणारे खूश. पण हे चित्र चुलीवरच्या पातेल्याचं आहे. समुद्र वरून तापतो.

हीटर आडवा करून पृष्ठभागाच्या जरा खाली बांधला. (खुणेपर्यंत बुडालेला हवा. अर्धा हवेत राहिला तर नळी तडकते.) आता प्रवाह सुरू झाला, पण वीस-पंचवीस मिनिटांत सगळा तळ निळा झाला आणि हालचाल मंदावत गेली. गार पाणी तळ भरून बसलं, त्याला वर उचलणारं काही उरलं नाही.

दोन दिवस याला बिघाड समजून दुरुस्त करायचा प्रयत्न चालला होता. तो बिघाड नाही, समुद्राबद्दलची खरी गोष्ट आहे. स्वीडनच्या सांडस्ट्रॉम यांनी १९०८ मध्ये हाच मुद्दा मांडला : उष्णता आणि थंडावा दोन्ही वरूनच मिळत असतील तर तेवढ्यावर खोल, जोरकस अभिसरण टिकत नाही. खऱ्या समुद्रात भरती-ओहोटी आणि वारा पाणी घुसळतात, आणि अंटार्क्टिकाभोवतीचे जोरदार पश्चिमी वारे खोलचं पाणी वर ओढतात. टाकीत हे दाखवायला दुसऱ्या टोकाला लाकडी पट्टीने अगदी संथ, मिनिटाला चार-पाच वेळा ढवळलं. निळा थर तिथे पातळ झाला आणि प्रवाह पुन्हा चालू झाला. ही पट्टी आता टाकीचा कायमचा भाग.

२३ जून

पाऊस लागला आहे. हवेत इतकी ओल की थंड टोकाकडची काच बाहेरून घामाघूम होते आणि आत काही दिसत नाही. शाम्पूचे चार थेंब पाण्यात मिसळून फडक्याने काचेवर पातळ हात फिरवला, वीस मिनिटं काच स्वच्छ राहिली. जूनमध्ये खानापुरात हे लागणारच, डिसेंबरमध्ये चिक्कोडीला बहुधा नाही.

१ जुलै

दुसरी टाकी, वाऱ्याची. खाली ८ सेंमी खारं निळं पाणी (९.६ लिटर), वर ५ सेंमी गोडं लाल पाणी (६ लिटर). वरचं पाणी ओतताना दोन थर मिसळतात, हीच मोठी अडचण. उलट क्रम सोपा पडला : आधी लाल पाणी भरायचं, मग सलाईनच्या नळीने तळाशी निळं पाणी सोडायचं. जड पाणी आपोआप खाली पसरतं आणि लाल थर अलगद वर उचलला जातो. ९.६ लिटरला नळी पूर्ण उघडी ठेवूनही तासापेक्षा जास्त वेळ लागतो. दोन नळ्या लावल्या.

एका टोकाकडून हेअर ड्रायर थंड हवेवर चालवला. गरम हवा चालू ठेवली तर वाऱ्याचा परिणाम कोणता आणि उष्णतेचा कोणता, हे सांगता येत नाही.

लाल-निळी सीमा जवळजवळ हललीच नाही.

४ जुलै

कारण मीठ जास्त. लिटरला ३५ ग्रॅम घातलं होतं. दोन थरांच्या वजनातला फरक जितका मोठा, तितकी सीमा ताठ. वाऱ्याचा जोर तोच राहतो, पण उचलायचं वजन वाढतं. आज लिटरला १० ग्रॅम, म्हणजे खालच्या थराला एकूण ९६ ग्रॅम मीठ घेतलं. सीमा दीड ते दोन सेंटिमीटर कलली : वाऱ्याच्या पुढच्या टोकाला लाल पाण्याचा साठा जाड झाला, ड्रायरखालच्या टोकाला निळं पाणी वर आलं. ५ ग्रॅम घेतलं तर कल आणखी छान दिसतो, पण सीमेवर लाटा फुटून दहा मिनिटांत सगळं जांभळं होतं. १० ग्रॅम पक्कं.

हाच प्रशांत महासागर. विषुववृत्तावर व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला साचतं, पेरूच्या किनाऱ्याला खालचं थंड पाणी वर असतं. आता ड्रायर एकदम बंद केला. लाल पाणी परत फिरलं आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पंचवीस-सव्वीस सेकंदांत पोचलं. प्रशांत महासागरात अशीच आतली लाट पश्चिमेकडून पूर्वेला पोचायला साधारण दोन-अडीच महिने घेते. वारे मंदावल्यावर गरम पाणी असं पूर्वेकडे सरकणं म्हणजेच एल निनो.

काय जुळत नाही : टाकी फिरत नाही. पेरूच्या किनाऱ्याला पाणी वर येण्यात पृथ्वीच्या फिरण्याचाही मोठा वाटा आहे, तो इथे नाही. विषुववृत्तावर मात्र ते वळण शून्य होतं, म्हणून ही सरळ टाकी तिथल्यापुरती प्रामाणिक आहे.

१२ जुलै

फिरती टाकी. गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर मिनिटाला सुमारे ४५ फेरे देते. मोटरवर ५ सेंमीची आणि चाकाखाली ३० सेंमीची पुली, दोन्ही बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवर करून घेतल्या. टबचा वेग आला मिनिटाला ७.५ फेरे. पाणी ६ सेंमी.

चालू केल्याबरोबर प्रयोग करू नये. पाणी टबासोबत फिरायला लागायला वेळ घेतं. मिनिटभरात ते निम्मंअर्धं जुळतं, आपण दहा मिनिटं थांबायचं. जुळलंय का, हे पाहायला कागदाची टिकली सोडायची. टबाच्या हिशेबात ती जागची हलली नाही तर पाणी तयार. या वेगाला कडेचं पाणी मध्यापेक्षा १.३ मिमी उंच चढतं, ते डोळ्यांना जाणवत नाही.

मोबाईल टबाबरोबरच फिरणाऱ्या दांडीवर बसवला. बाहेरून पाहिलं तर वळण कळत नाही, फिरणाऱ्याच्या नजरेतूनच कळतं. मोबाईलच्या समोरच्या बाजूला तेवढंच वजन बांधलं, नाहीतर टब एका अंगाला झुकतो आणि पाण्यात लाटा उठतात.

रंग कडेकडून मध्याकडे ढकलला. तो डावीकडे वळला. उत्तर गोलार्धात उजवीकडे वळायला हवा.

१५ जुलै

टब घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत होता, म्हणजे आपण दक्षिण गोलार्ध बांधला होता. वायर उलटी जोडणं सोपं वाटतं, पण या मोटरचं कवच ऋण टोकाला जोडलेलं आहे. लोखंडी चौकटीवर बसवून तारा उलट केल्या तर शॉर्ट होतो. पिठाच्या गिरणीतली जुनी युक्ती वापरली : पट्टा आठच्या आकड्यासारखा पिळून चढवला. दिशा उलटली. पिळाच्या जागी पट्टा स्वतःवर घासतो, तिथे टाल्कम पावडर. दोन्ही गोलार्ध एकाच संचात मिळाले हा फायदा.

मधोमध बर्फाचा डबा ठेवला, पोटॅशियम परमँगनेटचे चार-पाच कण तळाशी टाकले. न फिरणाऱ्या टबात जांभळ्या रेघा सरळ कडेकडे गेल्या. फिरणाऱ्या टबात त्या वाकल्या, आणि वर टाकलेला रंग डब्याभोवती नागमोडी वळणं घेत भोवऱ्यांत तुटला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून वाहणाऱ्या गल्फ प्रवाहातून सुटणारे भोवरे असेच दिसतात.

नॉर्वेचे संशोधक नानसेन यांचं 'फ्राम' जहाज १८९३ ते १८९६ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात वाहत होतं. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न सरकता तिच्या उजवीकडे २० ते ४० अंश सरकतं, हे त्यांनी टिपलं. स्वीडनच्या एकमन यांनी १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं. वारा वरचा थर ओढतो, तो थर वळतो आणि खालच्याला ओढतो, तो आणखी वळतो. सगळ्या थरांची बेरीज केली की उत्तर गोलार्धात पाण्याचं एकूण वहन वाऱ्याच्या उजवीकडे काटकोनात होतं.

काय जुळत नाही : आपला टब पृथ्वीपेक्षा १०,८०० पट वेगाने फिरतो. बेळगावच्या अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याने एखादी मोकळी वस्तू पूर्ण गोल वळायला ४४ तास घेते. बेसिनमधलं पाणी काही सेकंदांत निघून जातं, त्याची दिशा पृथ्वी ठरवत नाही. हा गैरसमज जवळजवळ प्रत्येक वर्गात निघतो, म्हणून ही ओळ फलकावर ठळक.

२१ जुलै

अरबी समुद्राचा फलक. सर्वांत जास्त वेळ यावर गेला आणि तो जायलाच हवा होता.

पावसाळ्यात वारे विषुववृत्त ओलांडून सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर ईशान्येकडे धावतात. किनारा डाव्या हाताला, पाणी उजवीकडे ढकललं जातं, म्हणजे किनाऱ्यापासून दूर. जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं. तिथे काही ठिकाणी पाणी २० अंशांच्या खाली जातं, आणि त्याच वेळी आपल्या बाजूच्या अरबी समुद्रात ते २८ अंशांच्या आसपास असतं. सोमाली प्रवाह पावसाळ्यात उत्तरेकडे आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे वाहतो. इतका मोठा प्रवाह वर्षातून दोनदा पूर्ण पाठ फिरवतो, असं दुसरीकडे क्वचितच घडतं.

मे महिन्यात केरळ-लक्षद्वीपच्या बाजूला समुद्र ३० अंशांच्या वर तापतो. त्यात मिठाचा हात आहे. हिवाळ्यात प्रवाह बंगालच्या उपसागरातलं कमी खारं पाणी श्रीलंकेला वळसा घालून तिथे आणतो. ते हलकं, वरच राहतं, खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही आणि पातळ थर असल्याने पटकन तापतं. ११ जूनचा पेला या फलकाशेजारीच ठेवायचा.

प्रवाह किती मोठा, हे मुलांना घनमीटरमध्ये सांगून उपयोग नाही. हिडकल धरण घेतलं : ५१ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे सुमारे १४४ कोटी घनमीटर. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून गल्फ प्रवाह सेकंदाला सुमारे ३ कोटी २० लाख घनमीटर वाहतो. भरलेलं हिडकल ४५ सेकंदांत रिकामं. घटप्रभेच्या काठच्या मुलाला हे लगेच कळतं.

२८ जुलै

पावसाचा फलक. सह्याद्रीच्या धारेवर कणकुंबी-आमगाव भागात वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या अथणीत तो पाचशे-सहाशेवर येतो. ही उतरंड डोंगराची आहे, समुद्राची नाही. समुद्र ठरवतो तो वर्षा-वर्षातला फरक. दोन्ही गोष्टी एका नकाशावर घातल्या तर गोंधळ होईल, म्हणून दोन नकाशे केले.

एल निनोची वर्षं घेतली, देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या टक्क्यांत : २००२ मध्ये ८१, २००९ मध्ये ७८, २०१५ मध्ये ८६. इथेच थांबलो तर "एल निनो म्हणजे दुष्काळ" असं समीकरण पक्कं होईल, म्हणून १९९७ घातलंच पाहिजे. शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी तो एक, आणि पाऊस १०२ टक्के. त्या वर्षी हिंदी महासागरात पश्चिमेकडे पाणी गरम आणि सुमात्राकडे थंड होतं. पावसाला हातभार लावणाऱ्या या दोन टोकांच्या फरकाची, म्हणजे द्विध्रुवाची, ओळख १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी मांडली.

मग २०२३ : एल निनोही होता आणि द्विध्रुवही अनुकूल. तरी ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला, हंगाम ९४ टक्क्यांवर थांबला. म्हणजे द्विध्रुव हा हमखास उतारा नाही. २०१९ मध्येही तो जोरदार होता आणि त्या ऑगस्टच्या पुरात गोकाक-चिक्कोडी भाग बुडाला, पण एका आठवड्याच्या पुराचं कारण म्हणून एकट्या समुद्राकडे बोट दाखवता येत नाही. फलकावर बाण काढताना "यामुळे हे घडलं" असा एकच बाण नको. "शक्यता वाढते" असं लिहिलं. कन्नड मजकुरातही तोच अर्थ आला आहे का, ते पुन्हा तपासून घ्यायचं.

६ ऑगस्ट

बांधाबांध. काचेच्या टाक्या उभ्या, मध्ये गोणपाट. वायपर मोटरचा पट्टा उतरवून ठेवायचा, ताणलेला राहिला तर पिळाची जागा कायमची वाकडी होते.

पाणी ज्या त्या गावचं घ्यावं लागणार. अथणी-रायबागकडच्या बोअरच्या पाण्यात मुळातच क्षार असतात. दुसऱ्या टाकीत वरचा थर त्या पाण्याचा आणि खालचा आरओच्या पाण्यात दहा ग्रॅम मिठाचा केला, तर फरक कमी पडून थर लवकर मिसळतील. दोन्ही थर एकाच पाण्याचे करायचे, मीठ फक्त खालच्यात. सोबत १० ग्रॅमचा मोजलेला चमचा, दोन सलाईनच्या नळ्या, मलमल, शाम्पूची पुडी, पातळ केलेला रंग (रोज ताजा, शिळ्याला वास येतो) हे सगळं ठेवायचं. कोऱ्या चाचणीची सूचना लिहिलेला कागद पहिल्या टाकीच्या काचेला आतून चिकटवला आहे.